फुगडीचा हात

'नाच' हा शब्द आपल्या घरांतून सरळ तोंडानं फारसा उच्चारला जात नाही. पोर हट्टाला पेटलं की ते 'नाचतं', बायकोचं ऐकणारा नवरा तिच्या 'तालावर नाचतो', आणि ज्याला काम जमत नाही त्याच्यासाठी वाकडं अंगण आहेच. लेझीम मात्र आपण खेळतो. पंढरीच्या वाटेवर पावली खेळतो, मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळतो, नवरात्रात गुजराती शेजारणीबरोबर गरबाही खेळतो. पाय तेच, ताल तोच, घामही तोच; पण 'खेळ' म्हटला की त्याला सोवळं नेसवल्यासारखं होतं.

त्यामुळे माझ्या मुलीनं न्यू यॉर्कहून फोनवर, "आई, मी गुरुवारी आणि शनिवारी साल्सा नाचायला जाते," असं सांगितलं, तेव्हा तिनं 'खेळायला' म्हटलं असतं तर बरं, असं मला वाटून गेलं.

"साल्सा म्हणजे ती टोमॅटोची चटणी ना गं?"

ती खो खो हसली. "आई, तू अगदी टिटो पुएंतेसारखं बोललीस."

हा टिटो पुएंते कोण, ते मला पुढे कळलं. १९२३ साली न्यू यॉर्कमध्येच जन्मलेला, पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांचा हा वादक. दोन काठ्यांनी वाजवायच्या 'टिंबाले' नावाच्या ढोलांवर त्याचा हात असा चाले की त्याला ढोलांचा राजाच म्हणत. सगळं जग ज्याला साल्सा म्हणतं, त्या संगीताच्या मोठ्या वादकांत त्याची गणना. पण त्या शब्दावर त्याचा राग. साल्सा ही खायची गोष्ट, वाजवायची नव्हे. मी वाजवतो ते क्यूबाचं संगीत, असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला. २००० साली तो गेला, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की साल्साचा राजा गेला!

२०२४ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे दोन महिने राहून आले. तेव्हा हे सगळं जवळून पाहिलं.

ती राहते क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला. डोक्यावरून लोखंडी पुलावर सात नंबरची गाडी धडधडत जाते आणि पुलाखाली सगळं जग बाजाराला आलेलं असतं. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर पोहे, मेथी, हळद, कुंकू, सगळं मिळतं. तिथून चार पावलं टाकली की कोलंबिया-एक्वाडोरकडच्या लोकांची दुकानं. तिथं मक्याच्या जाड भाकरी तव्यावर भाजत असतात आणि पाट्या सगळ्या स्पॅनिश. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी स्पॅनिशमध्ये बोलता बोलता दुसऱ्याला इंग्रजीत भाव सांगतो, आणि मध्येच आमच्याकडे वळून "भाभी, क्या चाहिये?" म्हणतो. मुलीला वाटलं होतं आई गांगरेल. गांगरायचं काय त्यात? आमच्या बेळगावात भाजीवालीशी मी मराठीत घासाघीस करते, ती कानडीत उत्तर देते, आणि पैसे देताना दोघीही एकमेकींच्या भाषेत हसतो. एक भाषा पुरत नाही अशा गावात वाढलेल्या माणसाला जॅक्सन हाइट्स परकं वाटत नाही.

परकं वाटलं ते एवढंच, की पोरगी गुरुवारी रात्री आठाला पिशवीत वेगळे बूट, पंचा आणि पाण्याची बाटली घालून निघायची आणि साडेबाराला यायची. मी जागी. ती आली की दोघी मुकाट्यानं ताकभात खायचो. तिसऱ्या गुरुवारी ती म्हणाली, "आई, जागी राहतेसच, तर तिथं येऊन जागी राहा की."

गेले.

एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा लांबट हॉल. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला खुर्च्या. आधी तासभर शिकवणी, मग मोकळा नाच. मी खुर्चीवर पिशव्या सांभाळत बसले. नर्स होत्या, बसचे ड्रायव्हर होते, बँकेतले, हॉटेलातले, विद्यार्थी, साठी उलटलेली माणसंही होती. बऱ्याच पुरुषांच्या पिशवीत दोन-दोन जादा सदरे. घाम आला की बदलून यायचे. समोरच्याला आपल्या घामाचा त्रास होऊ नये म्हणून! ही रीत मला पहिल्याच दिवशी आवडली.

दुसऱ्या रीती हळूहळू कळल्या. कुणीही कुणाला विचारावं, बाईनं पुरुषाला विचारलं तरी चालतं, दोन बायकांनी मिळून नाचलं तरी कुणी वळून पाहत नाही. 'नको' म्हटलं तर समोरचा मान तुकवून पुढे जातो. एक गाणं चार-पाच मिनिटांचं. ते संपलं की आभार मानायचे आणि हात सोडायचा. मग नवा जोडीदार. रात्रभर एकाच्याच गळ्यात पडून राहणं हे अडाणीपणाचं समजतात.

तालाचं मात्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमचे हे दर गुरुवारच्या भजनाला तबल्याची साथ करत. पंचवीस वर्षं स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना मी बाहेरचा तीनताल ऐकत आले. इथं त्या गलबल्यात एक लहानसा टणत्कार सारखा कानावर येई. दोन जाड लाकडी काठ्या एकमेकींवर आपटून काढलेला. त्याला 'क्लावे' म्हणतात. मी मांडीवर सोळा मात्रा मोजल्या. आपली टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नववीला खाली. त्यांची टाळी पहिल्या, चौथ्या, सातव्या, मग अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. आधी तीन, मग दोन. घरी बसून वाजवून पाहा, पहिल्या दहा वेळा हात अडखळतो, मग सुटत नाही. काही गाण्यांत दोन आधी नि तीन नंतर. गंमत म्हणजे पुष्कळदा त्या काठ्या कुणी वाजवतही नसतं. पियानो, ढोल, तुतारी, गाणारा, सगळे ती चौकट मनात धरून चालतात. चुकला तर जाणत्याला लगेच कळतं.

पाय त्या सोळांतल्या एक सोडून एक मात्रेवर, म्हणजे आठांच्या हिशेबानं पडतात. एक-दोन-तीन, चारला थांबा. पाच-सहा-सात, आठला थांबा. आता पाऊल उलटायचं ते एकवर की दोनवर, यावरून दोन पंथ. न्यू यॉर्कवाले 'दोन'चे. एडी टोरेस नावाच्या नर्तकानं हे मोजमाप नीट बसवून शिकवलं आणि त्याचे शिष्य जगभर पसरले. दोन पंथांतली माणसं एकमेकांबद्दल ज्या सुरात बोलतात तो सूर मला ओळखीचा वाटला. आमच्याकडे दोन घराण्यांचे गवई असेच बोलतात.

मुलगी आमच्या ह्यांचीच. एखादी गोष्ट धरली की तिचं मूळ शोधत बसायची. रात्री ताकभात खाताना ती मला सांगायची. या नाचाची आई क्यूबातला 'सोन' आणि पुढचा मांबो. त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ढोल, स्पेनची गाणी, पोर्तो रिकोचे 'बोंबा' आणि 'प्लेना', आणि न्यू यॉर्कच्या काळ्या लोकांचा जॅझ. १९४० साली माचितो नावाच्या क्यूबन गायकानं न्यू यॉर्कमध्ये वाद्यवृंद काढला. पुढे ब्रॉडवे आणि त्रेपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 'पॅलेडियम' नावाच्या नाचघरात माचितो, टिटो पुएंते आणि टिटो रॉड्रिगेझ असे तिघे गाजले. त्याच देशाच्या दक्षिणेत तेव्हा काळ्या-गोऱ्यांना पाणी प्यायचे नळ वेगळे होते. पॅलेडियममध्ये पोर्तो रिकन, ज्यू, इटालियन, काळे, गोरे एकाच फरशीवर नाचत. तिथली सर्वांत नावाजलेली जोडी म्हणजे 'क्यूबन पीट' आणि मिली डोने. तो नावाला क्यूबन, मुळात पोर्तो रिकन. ती इटालियन घरची. १९६६ साली पॅलेडियम बंद पडलं.

१९५९ ची क्यूबातली क्रांती झाली, अमेरिकेनं व्यापार तोडला, तिकडून गाणारे येणं थांबलं. मग इथल्याच पोरांनी ती परंपरा चालवली. १९६४ साली जॉनी पाचेको हा डॉमिनिकन वादक आणि जेरी मसूची हा इटालियन वंशाचा वकील, अशा दोघांनी 'फानिया' ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या कलावंतांनी १९७१ साली 'चीता' नाचघर आणि १९७३ साली यँकी स्टेडियम दणाणून सोडलं. त्याच वर्षांत 'साल्सा' हे नाव जगाच्या तोंडी बसलं. तेव्हापासून भांडण आहे. क्यूबन म्हणतात, हा आमचाच सोन, नुसतं नाव बदललंय. पोर्तो रिकन म्हणतात, घाम आमचा गळलाय. न्यू यॉर्कवाले म्हणतात, आमच्या गल्ल्यांवाचून हा झालाच नसता.

मी म्हटलं, "कुमार गंधर्व कुणाचे, हे विचारण्यासारखंच झालं की गं हे." आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला कानडी घरात जन्मले, माळव्यात देवासला राहिले, कबीर गायले, आणि मराठी माणूस त्यांना आपलेच म्हणतो. कानडी माणूसही म्हणतो, माळवी माणूसही म्हणतो. तिघंही खरंच सांगतात.

आणि नाचाकडे संशयानं पाहण्याचा मक्ता काही आपल्याच घरांचा नाही. ज्या शहरानं हा नाच जगाला दिला, त्या न्यू यॉर्कमध्ये १९२६ सालापासून एक कायदा होता. खायला-प्यायला मिळतं अशा ठिकाणी लोकांना नाचू द्यायचं तर मालकानं खास परवाना काढायचा. परवान्याविना गिऱ्हाइकं डोलली म्हणून मालकांना दंड होत. हा कायदा रद्द झाला २०१७ साली! म्हणजे टिटो पुएंतेचा जवळजवळ सारा जन्म त्या कायद्याखाली गेला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही लिंकन सेंटरला गेलो. गाड्या बदलून सहासष्टाव्या रस्त्यावर उतरायचं. मोठमोठी नाट्यगृहं, मधोमध कारंजं, आणि उन्हाळ्यात त्या चौकातच फुकट नाच. वर आरशांच्या तुकड्यांचा भला मोठा गोळा टांगलेला, पलीकडे मंचावर वाद्यवृंद. पियानो, दोन ट्रंपेट, हातानं वाजवायचे उंच ढोल, आणि ते टिंबाले.

फरशी चकचकीत होती. पण त्या जागेला इतिहास आहे. नाट्यगृहं उठण्याआधी तिथं सॅन हुआन हिल नावाची वस्ती होती. काळ्या आणि पोर्तो रिकन कुटुंबांची, हजारो घरांची. १९५० च्या दशकात ती गलिच्छ ठरवून पाडायला घेतली आणि लोक शहरभर विखुरले. 'वेस्ट साइड स्टोरी' हा १९६१ चा नाचगाण्यांचा सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातले काही रस्ते त्या पाडापाडीतले खरे रस्ते आहेत. आता त्याच जमिनीवर त्यांच्या नातवंडांना नाचायला बोलावतात. त्यांच्या मनात काय येत असेल, कुणास ठाऊक. पण ती येतात. आजीला खुर्चीत बसवून आणतात.

आम्ही कारंज्याच्या कठड्यावर टेकलो. बराच वेळ मी पाहत होते. मग जे दोन महिने विचारायचं होतं ते विचारलं.

"परक्या माणसाचा हात धरताना तुला काही वाटत नाही?"

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हा मी एकटी होते."

मे २०२१. कोरोनाची ती दुसरी लाट. नेहमीची विमानं बंद, व्हिसाचा घोळ. आली असती तर परत कधी जाता आलं असतं याचा पत्ता नाही. बापाचं शेवटचं दर्शन तिनं मोबाइलवर घेतलं, तेही चुलतभावानं हात लांबवून दाखवलं तेवढं. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"ऑफिसातल्यांनी फुलं पाठवली. रोज कुणाचा तरी फोन. सगळे चांगलं बोलायचे गं. पण कुणी हात धरला नाही. धरता येतच नव्हता तेव्हा. पुढच्या वर्षी मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा या क्लासला गेले. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही हात धरले आणि एक-दोन-तीन चालवलं. घरी येऊन मी इतकी रडले! ऐंशी लाखांच्या वर माणसं आहेत या गावात. मी आले नाही तर आठवडाच्या आठवडा मला कुणाचा हात लागत नाही."

मी काही बोलले नाही. माझं काय सांगायचं तिला? ह्यांच्यामागं आमच्या गल्लीतल्या बायका वाईट वागल्या, असं मुळीच नाही. डबे आले, दवाखान्यात सोबत आल्या. आमच्या शेजारच्या कानडी अक्का रोज संध्याकाळी कुंपणावरून "ऊट आता?" म्हणून जेवणाची चौकशी करायच्या, अजून करतात. पण हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. "तुम्हाला कसंतरी वाटेल म्हणून म्हटलं नाही," असं एकीनं अगदी प्रेमानं सांगितलं. हळदीकुंकवाचं मला फारसं अगत्य कधीच नव्हतं. पण त्याच्यामागोमाग मंगळागौर गेली आणि मंगळागौरीबरोबर फुगडी गेली. चाळीस वर्षं दर श्रावणात कुणी ना कुणी माझे हात धरून गरगर फिरवायचं. ते थांबलं तेव्हा काय थांबलं, ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारा समोर उभा राहिला. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. तळहात वर करून त्यानं हात पुढं केला. "बायलामोस?"

"विचारतोय, नाचू या का," मुलगी म्हणाली. "नाही म्हटलंस तरी चालतं. रागवत नाहीत."

मी पदर खोचला.

त्याचा हात राठ होता, आयुष्यभर काम केलेला. त्यानं ओढलं नाही, ढकललं नाही. बोटांच्या किंचित दाबानं उजवं-डावं कळायचं. एक-दोन-तीन, थांबा. या नाचाचं सगळं गुपित त्या हातांत असतं, असं मुलीनं मला सांगितलंच होतं. हात लुळा सोडला तर निरोप पोचत नाही, ताठ धरला तर माणूस फिरत नाही. फुगडी घातलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पायांचे अंगठे जुळवून, हातांची कैची करून मागं रेलायचं; आपला भार तिनं तोलायचा, तिचा आपण. एकीनं हात ढिला केला तर दोघी पडतात. दुसऱ्या गिरकीला माझी पाठ जुन्या सवयीनं मागं रेलली. त्याला ते लगेच समजलं. त्यानं आपला भार तेवढाच मागं नेला आणि मोठ्यानं हसला.

गाणं संपलं. तो "ग्रासियास" म्हणाला, मी "धन्यवाद" म्हटलं, आणि तो दुसऱ्या बाईकडे गेला. आमच्याकडे चार मिनिटांत माणूस आडनाव, मूळ गाव आणि मुलीचं लग्न एवढं तरी विचारून घेतो. यानं मी कुणाची कोण, हेसुद्धा विचारलं नाही. भार मात्र तोलला.

पुढचं गाणं जलद होतं. मुलगी शेजारी येऊन उभी होती. मी हातांची कैची करून तिच्यापुढं धरली. ती पाहतच राहिली. "आई, इथं?" मी म्हटलं, "ये की." लहानपणी परसात शिकवली होती ती तिच्या पायांनी विसरली नव्हती. क्लावेच्या टाळीवर फुगडी बसते का, असं कुणी विचारलं तर बसते, नीट बसते. आजूबाजूच्या जोड्यांनी थोडी जागा करून दिली आणि आपापला नाच चालू ठेवला. आरशांचा गोळा, कारंजं, नाट्यगृहाच्या काचा, सगळं भोवती फिरत होतं आणि मधोमध एकच गोष्ट स्थिर होती, तिचा चेहरा. बाप गेल्यानंतर तीन वर्षांनी आम्ही दोघींनी पहिल्यांदा एकमेकींचा सगळा भार धरला.

परतताना गाडीत तिनं मला पाव डॉलरचं नवं नाणं दाखवलं. २०२४ सालीच निघालेलं. त्यावर सेलिया क्रूझ ही गायिका. हवानात जन्मलेली, १९६० साली क्यूबा सोडलेली, साल्साची राणी म्हणून जगानं मान दिलेली. १९६२ साली तिची आई वारली, तेव्हा तिथल्या सरकारनं तिला अंत्यविधीला येऊ दिलं नाही. पुढं चाळीस वर्षं ती लोकांना नाचवत राहिली.

"हे तू ठेव," मुलगी म्हणाली. ते नाणं आता आमच्या देवघरात, ह्यांच्या तबल्याच्या हातोडीशेजारी आहे.

बेळगावला परत आल्यावर रविवारचा फोन पूर्वीसारखाच सुरू झाला. जेवलीस का, थंडी किती, ऑफिस काय म्हणतं. पूर्वी शेवटी मी म्हणायची, "रात्री फार उशीर करू नको." आता विचारते, "किती गाणी झाली?"

परवा म्हणाली, अकरा.